ब्राझीलचा ऑस्कर, वसईचं कोर्ट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आमच्या वसईत एका शाळेच्या मागे बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट आहे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, आणि गणपती उरकले की मुलांना घेऊन ते खरवडून काढावं लागतं. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी रोज संध्याकाळी तिथे असतो. पंधरा-वीस मुलंमुली येतात. फी वगैरे काही नाही. त्यातली एक मुलगी यंदा बारावीला आहे. उंची बेताचीच, पण हात असा की लांबून टाकलेला बॉल रिंगला न लागता जाळीतून सरळ खाली उतरतो. दोनेक महिन्यांपूर्वी तिचे वडील कोर्टाच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले. वालीवला एका गाळ्यात ते सुपरवायझर आहेत. मुलं पांगल्यावर जवळ आले आणि म्हणाले, "सर, राग मानू नका, पण एक विचारतो. ह्या खेळात पुढे पगार असतो का?"

प्रश्न रास्त होता. मला मात्र चटकन उत्तर देता आलं नाही. "पुढच्या आठवड्यात बोलू," असं म्हणून मी वेळ मारून नेली. घरी येताना एक गंमत डोक्यात आली. पगार हा शब्दच मुळी आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला. पाव, बटाटा, चावी, इस्त्री ह्यांच्याबरोबर तोही आला. वसईच्या किल्ल्यावर दोनशे वर्षं त्यांचं राज्य होतं, १७३९ साली चिमाजीअप्पांनी किल्ला घेईपर्यंत. ते गेले, शब्द राहिले, आडनावं राहिली. त्याच पोर्तुगीजांनी समुद्रापलीकडे जो प्रचंड मुलूख वसवला, त्या ब्राझीलमध्ये एक बास्केटबॉलपटू होऊन गेला. पगार आणि खेळ ह्यांचं कोडं त्याने आयुष्यभर आपल्या पद्धतीने सोडवलं. पुढच्या आठवड्यात मी त्या वडिलांना त्याचीच गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगणार आहे.

त्याचं नाव ऑस्कर श्मिट. आडनाव जर्मन आहे, पण माणूस अस्सल ब्राझीलचा. जन्म १६ फेब्रुवारी १९५८ चा, ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या नाताल ह्या गावचा. हे गाव १५९९ साली २५ डिसेंबरला वसलं म्हणून त्याचं नाव नाताल. आपण वसईत जो नाताळ म्हणतो तोच हा शब्द.

ऑस्कर माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याच्याशी तुलना करायचा माझा वकूब नाही. पण दोन वाटा कुठे फुटल्या हे कळायला माझीही वाट थोडी सांगायला हवी.

मी खेळायला लागलो तेव्हा वसईत क्रिकेट होतं, फुटबॉल होता, व्हॉलीबॉल तर गावोगावी होता. बास्केटबॉल खेळणारे आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चांगला खेळ बघायचा तर मुंबईत नागपाड्याला जावं लागे. वसई रोडहून गाडी पकडायची, मुंबई सेंट्रलला उतरायचं आणि चालत नागपाडा गाठायचा. तिथल्या नेबरहूड हाऊसमध्ये आणि आसपासच्या गल्ल्यांमध्ये बास्केटबॉल असा खेळला जाई जसं इतरत्र क्रिकेट. भारताचे कर्णधार झालेले आणि १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसिर तिथलेच. आम्ही पोरं भिंतीला टेकून बघत बसायचो, आणि जे बघितलं ते शेवटच्या गाडीत डब्याच्या दाराशी उभं राहून हातांनी करून बघायचो.

पुढे १९८३ मध्ये खेळाच्या जोरावर मला एका कार्यालयात कारकुनाची नोकरी लागली. घरात पेढे वाटले. खेळाडू म्हणून घेतलं होतं, तेव्हा खेळायला मिळेल असं मला वाटलं. पहिली दोन-तीन वर्षं मिळालंही. मग साहेब बदलले. मार्चअखेरचं काम आणि सरावाचं शिबिर एकाच वेळी आलं तेव्हा नव्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही इथे लिहायला आहात की उड्या मारायला?" मी लिहायला बसलो. एकोणतिसाव्या वर्षी माझा खेळ संपला. पगार मात्र निवृत्तीपर्यंत दर महिन्याला आला, हेही सांगितलं पाहिजे. त्याच पगारावर मुलांची शिक्षणं झाली. तक्रार करायला मी इथे आलेलो नाही.

आता ऑस्करकडे वळू.

त्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकच्या वेळी. अफगाणिस्तानच्या प्रश्नावरून अमेरिकेने आणि तिच्यामागून अनेक देशांनी त्या स्पर्धेवर बहिष्कार टाकला होता. भारत गेला. हॉकीत सुवर्णपदक मिळालं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. बरेच संघ न आल्यामुळे भारताच्या पुरुषांच्या बास्केटबॉल संघालाही जागा मिळाली, हे फारसं कुणाच्या लक्षात नाही. बास्केटबॉलमध्ये आपण ऑलिम्पिकला गेलो ते तेवढ्या एकाच वेळी. गटात समोर कोण, तर सोव्हिएत संघ, चेकोस्लोव्हाकिया आणि ब्राझील. ब्राझीलने आपल्याला १३७–६४ असं हरवलं. सातच्या सात सामने हरून भारत बारा संघांत बारावा आला. त्या ब्राझील संघात बावीस वर्षांचा ऑस्कर होता. मी तेव्हा अठरा वर्षांचा. आकडे वाचून वाईट वाटलंच, पण उत्सुकताही वाटली. एका सामन्यात १३७ गुण करणारे हे लोक खेळतात तरी कसे?

ते कसे खेळत हे नंतर कळलं. ऑस्करची उंची २ मीटर ५ सेंटिमीटर. एवढ्या उंचीच्या खेळाडूला तेव्हाचे प्रशिक्षक रिंगखाली उभं करत. त्याने धक्काबुक्की करायची, रिबाउंड घ्यायचे आणि जवळून बॉल टाकायचा. ऑस्करला ते मानवलं नाही. तो लांब जाऊन उभा राहायचा आणि तिथून शूट करायचा. किशोरवयात तो साओ पावलोला पाल्मेइरास क्लबकडे आला. नंतर सिरियाहून आलेल्या लोकांनी काढलेल्या सिरिओ ह्या क्लबकडे गेला. १९७८ साली मनिलाच्या जागतिक स्पर्धेत ब्राझीलला कांस्यपदक मिळालं, त्या संघात तो होता. १९७९ मध्ये सिरिओने युरोपचा विजेता असलेल्या साराएवोच्या बोस्ना संघाला हरवून जगातल्या क्लबांचा चषक जिंकला.

ब्राझीलमध्ये लोक त्याला 'पवित्र हात' म्हणायला लागले. त्याला स्वतःला हे नाव फारसं रुचत नसे. हात पवित्र नाही, कसलेला आहे, असं तो म्हणायचा. आणि ते खरंच होतं. सराव आटोपून बाकीचे आंघोळीला गेले की हा मागे राहायचा आणि शेकड्यांनी शूट करायचा. बॉल रिंगमधून खाली पडला की तो उचलून परत द्यायला कुणीतरी लागतं, नाही तर अर्धा वेळ बॉलमागे धावण्यात जातो. ते काम त्याची बायको क्रिस्तिना करायची. ती रिंगखाली उभी राहायची, बॉल पकडायची आणि त्याच्याकडे फेकायची. हे मी जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवलं होतं. त्यांनी काय उत्तर दिलं ते इथे सांगत नाही.

१९८२ मध्ये ऑस्कर इटलीला गेला, कासेर्ताच्या क्लबकडे. कासेर्ताबद्दल मी जरा सावकाश बोलणार आहे, पण त्याआधी १९८४ सालची गोष्ट सांगतो. त्या वर्षी अमेरिकेतल्या एनबीएच्या निवडीत न्यूजर्सी नेट्स ह्या संघाने त्याला सहाव्या फेरीत, १३१ व्या क्रमांकावर निवडलं. मायकेल जॉर्डन ज्या निवडीत तिसरा आला तीच ही निवड. ऑस्करने करार केला नाही, आणि नंतरही तो एनबीएत कधीच खेळला नाही. कारण त्या वेळचा नियम. जो एनबीएत खेळेल त्याला ऑलिम्पिकमध्ये किंवा जागतिक स्पर्धेत आपल्या देशाकडून खेळता येत नसे. ऑस्करला ब्राझीलची जर्सी सोडायची नव्हती.

ही गोष्ट नेहमी देशप्रेमाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण तेवढीच नाही. एक तर १३१ व्या क्रमांकावर निवडलेल्याला संघात जागा मिळेलच ह्याची खात्री नसते. बाकावर बसून वर्षं काढावी लागतात, आणि ऑस्कर बाकावर बसणाऱ्यातला नव्हता. दुसरं म्हणजे इटलीत त्याला चांगले पैसे मिळत होते. म्हणजे तो उपाशी राहून देशसेवा करत होता असं मुळीच नाही. गंमत पाहा, इटलीत पगार घेऊन खेळणारा खेळाडू ऑलिम्पिकला चालायचा आणि अमेरिकेत पगार घेऊन खेळणारा चालायचा नाही! एक हौशी, दुसरा धंदेवाईक. हौशी कोण आणि धंदेवाईक कोण, हे पगाराच्या पाकिटावर कुणाचा पत्ता छापलाय त्यावरून ठरायचं.

आणि मंडळी, आपल्याकडेही तेच होतं की. रेल्वे, बँका, पोलीस, सेनादलं, सगळीकडे खेळाडू भरती व्हायचे. कागदावर कारकून, प्रत्यक्षात खेळाडू. आम्ही सगळे हौशी. फरक एवढाच होता की ऑस्करला त्याचा क्लब खेळण्यासाठी पगार द्यायचा, आणि आम्हाला पगार मिळायचा तो टेबलासाठी. टेबलाने हाक मारली की खेळ संपायचा. त्या मुलीच्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे सर, तुमचंच बरोबर होतं ना? पगार तरी मिळाला." मी म्हटलं, "थांबा अजून, गोष्ट पुढे आहे."

२३ ऑगस्ट १९८७. अमेरिकेतलं इंडियानापोलिस शहर, पॅन अमेरिकन स्पर्धेचा अंतिम सामना. अमेरिका विरुद्ध ब्राझील. इंडियाना म्हणजे बास्केटबॉलची पंढरीच. अमेरिकेचा संघ कॉलेजातल्या मुलांचा होता, पण कसली मुलं! डेव्हिड रॉबिन्सन, डॅनी मॅनिंग. अमेरिकेचा पुरुष संघ स्वतःच्या भूमीवर तोवर कधी हरला नव्हता. मध्यंतराला गुण ६८–५४. अमेरिका चौदा गुणांनी पुढे. ब्राझीलचे खेळाडू कपडे बदलायच्या खोलीत गेले तेव्हा फार हरायचं नाही, एवढीच त्यांची अपेक्षा असावी.

तीन गुणांची रेषा जागतिक नियमांत येऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. रिंगपासून सव्वासहा मीटरवरची ती रेषा. तिच्या बाहेरून बास्केट झाली की दोनाऐवजी तीन गुण. अमेरिकेची मुलं ती रेषा अजून फारशी मनावर घेत नव्हती. ऑस्कर मात्र जन्मभर तिथेच उभा राहून शूट करत आला होता, रेषा नव्हती तेव्हापासून. म्हणजे नियम त्याच्या घरी चालत आला असं म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या अर्ध्यात तो आणि त्याचा जोडीदार मार्सेल द सोझा दोघे मिळून सुटले. आम्हा वसईकरांना हे नाव ऐकून हसू येतं, कारण डिसोझा नाहीत अशी आमच्याकडे गल्ली नाही. मार्सेलने ३१ गुण केले, ऑस्करने ४६. त्या ४६ मधले ३५ मध्यंतरानंतरचे. ब्राझील १२०, अमेरिका ११५.

मी तो सामना तेव्हा पाहिला नव्हता. पेपरात दोन ओळी वाचल्या होत्या, बस्स. पुढे कितीतरी वर्षांनी कोर्टावरच्या एका पोराने त्याच्या मोबाइलवर यूट्यूब लावून दिलं. आम्ही दहाजण त्या एवढ्याशा पडद्यावर वाकून बघत होतो. सामना संपतो आणि हा सव्वादोन याराचा गडी जमिनीवर पडून लहान मुलासारखा रडतो. पोरं गप्प झाली. एकाने विचारलं, "सर, जिंकला ना? मग रडतो का?" मी काही बोललो नाही.

त्या पराभवाने अमेरिकेचा गर्व उतरला. पुढच्याच वर्षी सोलच्या ऑलिम्पिकमध्ये त्यांचा संघ सोव्हिएत संघाकडूनही हरला. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने एनबीएच्या खेळाडूंना दार उघडलं आणि १९९२ साली बार्सिलोनाला जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड ह्यांची 'ड्रीम टीम' उतरली. आता एनबीएतही खेळा आणि देशाकडूनही खेळा. ज्या नियमामुळे ऑस्करने अमेरिका सोडली तो नियम गेला, पण तोवर ऑस्कर एकतिशी ओलांडून गेला होता. बार्सिलोनात ह्या ड्रीम टीमने ब्राझीलला १२७–८३ असं धुतलं.

आता कासेर्ता.

इटलीच्या दक्षिणेला नेपल्सजवळचं हे गाव. एक मोठा राजवाडा आहे, तो बघायला लोक येतात. वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. आमच्या वसई-विरार महापालिकेत २०११ च्या जनगणनेत बारा लाखांहून जास्त माणसं होती, म्हणजे आमच्या तुलनेत ते एक उपनगरही नाही. इटलीचा पैसा, कारखाने आणि बास्केटबॉलची विजेतेपदं सगळी उत्तरेकडे. मिलान, बोलोन्या, वारेसे. दक्षिणेकडच्या लोकांना उत्तरेचे लोक जरा खालचेच समजत. अशा गावात क्लबचे मालक जोव्हान्नी माज्जो ह्यांनी क्लबसाठी नवं बंदिस्त क्रीडागृह उभं केलं. हे माज्जो व्यवसायाने बिल्डर. वसई-विरारमध्येही बिल्डर पुष्कळ आहेत, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

त्या गावात ऑस्कर आठ वर्षं राहिला. बोग्दान तान्येविच ह्या युगोस्लाव्ह प्रशिक्षकाने त्याला आणलं होतं. इटलीच्या लीगमध्ये दहा हजार गुणांचा टप्पा सगळ्यांत आधी त्याने ओलांडला. १९८८ मध्ये कासेर्ताने इटालियन चषक जिंकला. १९८९ मध्ये अथेन्सला युरोपच्या चषकविजेत्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. समोर रेआल माद्रिद. तो सामना म्हणजे दोन माणसांची जुगलबंदी होती. ऑस्करने ४४ गुण केले आणि तरीही कासेर्ता हरलं, कारण माद्रिदच्या द्राझेन पेत्रोविचने ६२ केले. गुणफलक ११७–११३.

त्या काळात इटलीत खेळणाऱ्या जो ब्रायंट नावाच्या एका अमेरिकन खेळाडूचा लहान मुलगा बापाबरोबर सामन्यांना जायचा आणि ऑस्करला बघायचा. त्या मुलाचं नाव कोबी. तो ऑस्करला आपला आदर्श मानायचा, हे त्याने मोठेपणी जाहीरपणे सांगितलं.

एक गोष्ट मात्र होत नव्हती. इटलीच्या लीगचं विजेतेपद कासेर्ताला मिळत नव्हतं. अंतिम फेरीपर्यंत जायचं आणि हरायचं. १९९० साली क्लबने ऑस्करला सोडलं आणि तो पाविया नावाच्या क्लबकडे गेला. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९९१ मध्ये, कासेर्ता लीग जिंकलं! दक्षिण इटलीतला पहिला विजेता. ऑस्करशिवाय.

इथे मी थांबलो तेव्हा मुलीचे वडील म्हणाले, "म्हणजे तोच आडवा येत होता काय?"

तसं म्हणणारे तेव्हाही होते. ऑस्कर पास देत नाही, बचाव करत नाही, सगळे बॉल स्वतःच मारतो, अशी टीका त्याच्यावर आयुष्यभर झाली. आणि प्रशिक्षक म्हणून सांगतो, तिच्यात तथ्य आहे. सोलच्या ऑलिम्पिकमध्ये स्पेनविरुद्ध त्याने एकट्याने ५५ गुण केले, सरासरी काढली तर दर सामन्याला ४२ च्या वर. पाच ऑलिम्पिक खेळला, १९८० पासून १९९६ पर्यंत, एकूण १०९३ गुण. ऑलिम्पिकच्या इतिहासात इतके गुण तोवर कुणाच्याच नावावर नव्हते. पण ब्राझील पाचवं, नववं, पाचवं, पाचवं, सहावं. पदक एकही नाही. माझ्या कोर्टावर एखाद्या पोराने असा हट्टाने बॉल धरून ठेवला तर मी त्याला कोर्टाभोवती फेऱ्या मारायला लावीन.

पण कासेर्ताचा १९९१ चा संघ कुणाचा होता ते बघा. संघात दोन अमेरिकन होते, ते होतेच. पण खेळ चालवणारा नान्दो जेन्तिले आणि त्याच्या जोडीला शूट करणारा विन्चेन्झो एस्पोझितो, हे दोघे कासेर्ताचेच. प्रशिक्षक फ्रांको मार्चेल्लेत्ती, तोही कासेर्ताचा. ऑस्कर आला तेव्हा जेन्तिले आणि एस्पोझितो शाळकरी पोरं होती. सरावानंतर तो लांब माणूस एकटाच शूट करत राहतो, हे बघत ती मोठी झाली. पुढे त्याच्याच संघात त्याच्याकडे बॉल फेकायला लागली. तो गेला तोवर त्यांना सगळं येत होतं. एस्पोझितो तर नंतर एनबीएत खेळला, जिथे ऑस्कर कधी गेला नाही.

ऑस्करमुळे ते जिंकले की ऑस्कर गेल्यामुळे, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही थोडं थोडं असावं.

पुढचं भराभर सांगतो. पावियानंतर तो स्पेनमध्ये वायादोलिदला खेळला आणि मग ब्राझीलला परतला. १९९६ ला अटलांटा ऑलिम्पिकमध्ये वयाच्या अडतिसाव्या वर्षी स्पर्धेत सर्वाधिक गुण त्याचेच. १९९८ मध्ये राजकारणात पडून सिनेटची निवडणूक लढवली आणि हरला. बरंच झालं असं मला वाटतं. फ्लामेंगो क्लबकडून खेळत २००३ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो थांबला. क्लब आणि देश मिळून त्याच्या कारकिर्दीतल्या गुणांची मोजदाद ४९,७३७ अशी केली जाते. तो आकडा २०२४ मध्ये लेब्रॉन जेम्सने मागे टाकला. २०११ मध्ये ऑस्करच्या मेंदूत गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली. २०१३ मध्ये, एनबीएत एकही सामना न खेळलेल्या ह्या माणसाला अमेरिकेतल्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, आणि त्याची ओळख करून द्यायला लॅरी बर्ड उभा होता.

पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला! मी एकोणतिसाव्या वर्षी टेबलाशी बसलो. हा फरक अंगातल्या ताकदीचा किंवा गुणांचाच असता तर मी मुकाट मान्य केलं असतं. तो फरक होताच. पण कासेर्तासारखं एक लहान गाव सकाळी उठून त्याला म्हणत होतं, तू फक्त खेळ. हे मला कुणी म्हटलं नाही, आणि माझ्या बरोबरीच्या, माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या पोरांनाही नाही.

आज परिस्थिती पूर्वीसारखी राहिलेली नाही, पण फार बदलली असंही मी म्हणणार नाही. २०१५ मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला एनबीएच्या डॅलस संघाने निवडलं, तो पहिला भारतीय. त्याला मुख्य सामन्यात उतरायला मात्र कधी मिळालं नाही, आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्याच वर्षी यूबीए नावाची पगारी लीग आपल्याकडे सुरू झाली. काही हंगाम चालली आणि बंद पडली. २०१७ साली बंगळुरूला भारताच्या महिलांनी आशियाई चषकाच्या 'ब' गटाचं विजेतेपद मिळवलं, त्यात पुण्याची शिरीन लिमये होती. ती नंतर भारताची कर्णधार झाली. २०१९ च्या ऑक्टोबरात तर एनबीएचे दोन संघ वरळीला येऊन खेळून गेले. एवढं सगळं झालं, पण बारावीतल्या मुलीच्या बापाने पगाराचं विचारलं की अजून बोलायची पंचाईत होतेच.

मी त्यांना खोटं सांगितलं नाही. म्हटलं, "अहो, ह्या खेळात आपल्याकडे पगार आहे तो रेल्वेत, पोलिसांत. खेळाडू म्हणून घेतील, आणि पुढे टेबलही असेल. ते मिळेलच असंही नाही. लीग सुरू होतात, बंद पडतात. तिला शिकू द्या, परीक्षा देऊ द्या. पण खेळ बारावीसाठी बंद करू नका. एवढंच मागतो."

ते म्हणाले, "आणि त्या ब्राझीलवाल्याची गोष्ट कशासाठी सांगितली मग?"

मी म्हटलं, "त्याच्या बायकोसाठी."

त्यांना काही कळलं नाही. मग मी समजावलं. तुमची मुलगी बाकीची मुलं गेल्यावर थांबते. दोनशे शूट करते. बॉल आणून द्यायला मी उभा असतो, पण माझे गुडघे आता वाकत नाहीत. निम्म्या वेळा बॉल कुंपणापर्यंत घरंगळत जातो आणि तिलाच धावावं लागतं. दोनशेच्या जागी सव्वाशेच होतात.

त्यावर ते काही बोलले नाहीत. हेल्मेट घातलं आणि गेले. मला वाटलं, झालं, आता मुलगी येणार नाही.

मुलगी येत राहिली. आणि गेल्या महिन्यात एका शनिवारी, गाळ्याला अर्धी सुट्टी होती बहुतेक, वडील आले ते सरळ कोर्टावर. डब्याची पिशवी खांबाला अडकवली, पँट घोट्यापर्यंत दुमडली आणि रिंगखाली जाऊन उभे राहिले. पहिले चार-पाच बॉल त्यांच्या हातांतून निसटले, एक तर छातीवरच बसला. मुलगी ओरडली, "बाबा, दोन्ही हातांनी!" मग जमायला लागलं. अंधार पडत आला, शाळेच्या भिंतीवरचा दिवा लागला. मी बाकावर बसून मोजत होतो.

थोड्या वेळाने घाम पुसत त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "सर, किती झाले?"

"एकशे नव्वद," मी म्हटलं.